तडा गेलेली बरणी घ्यावी

"शामे, त्या बरणीला तडा होता का गं?"

अण्णा दारातच उभे होते. डोक्यावर टोपी तशीच, पायात चपला तशाच. भर दुपारच्या उन्हातून आलेला माणूस आधी पाणी मागतो. माझ्या थोरल्या भावानं बरणीची चौकशी केली. मी पानं घेत होते. कुठली बरणी, असं मी विचारलं नाही. आमच्या घरात लोणच्याच्या, तुपाच्या, मिठाच्या मिळून सात-आठ बरण्या आहेत, पण मला कुणी नुसतं बरणी म्हटलं तर डोळ्यांपुढं एकच येते, आणि ती आता घरात नाहीसुद्धा. "होता," मी म्हटलं, "बुडापाशी, बोटभर लांब. का?" अण्णा उंबऱ्यावरच टेकले. "असेल. पण मग तो लिहायचा कशाला?" असं म्हणून त्यांनी टोपी काढली आणि तिच्या आत बघत बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मॅट्रिकचा निकाल लागला होता आणि आमच्या शाळेतल्या एकोणीस मुलांचे नंबर राखून ठेवले होते. शास्त्राच्या पेपरात हवेचा प्रयोग विचारला होता. एकोणीस जणांनी लिहिलं होतं, 'तडा गेलेली काचेची बरणी घ्यावी. तड्यावर भिजवलेली कणीक घट्ट बसवावी.' तपासणाऱ्याला पहिल्या पेपरात हसू आलं असेल, दुसऱ्यात शंका आली असेल. पाचव्या-सहाव्या पेपराशी त्यानं लाल पेन खाली ठेवून वर कळवलं. मग मंडळानं याच मुलांचे बाकीचे पेपर काढले. व्यापाराच्या पेपरात एकोणीस जणांनी येरमाळ्याच्या बंडप्पा नावाच्या दुकानदारातर्फे एकच तक्रार केली होती, की यात्रेसाठी मागवलेले नारळ यात्रा उलटून गेल्यावर चौथ्या दिवशी पोचले. मराठीच्या पेपरात एकोणिसांच्या एकोणीस जणांना उन्हाळाच आवडत होता. 'सामुदायिक नक्कल' असा शब्द कागदावर आला होता. उद्या अकराला चौकशीसाठी साहेब येणार होते. हेडमास्तर निवृत्त झाल्यापासून त्यांच्या खुर्चीचं काम अण्णाच पाहात होते, तेव्हा जवाब अण्णांनाच द्यायचा होता.

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू? एकोणीस मुलांची शिक्षा समोर दिसत असताना पहिल्यांदा हसूच आलं, आणि त्या हसण्याच्या पोटात एक नागडा आनंद होता. ती माझी वाक्यं होती. मी कधी न पाहिलेल्या हॉलमध्ये, मी कधी न बसलेल्या बाकांवर बसून एकोणीस जणांनी माझी वाक्यं कानामात्रेसह लिहिली होती. गावभर त्यांना 'विष्णुपंतांच्या नोट्स' म्हणतात. विष्णुपंत म्हणजे हे आमचे अण्णा. वाशीकडून, येरमाळ्याकडून पोरं येतात, शंभर पानी वही आणतात, मागच्या वर्षीच्या पोराकडून उतरवून घेतात; त्या उतरवलेल्यावरून पुढच्या वर्षीचा उतरवतो. भाषा, शास्त्र, व्यापार, तिन्ही. विष्णुपंतांनी त्यातला एक शब्द लिहिलेला नाही. त्यांनी तो वर्गात वाचून दाखवला, एवढंच.

तात्या, म्हणजे आमचे वडील, उर्दू शाळेत गणित शिकवायचे. अण्णा उर्दूतूनच मॅट्रिक झाले, उर्दूतूनच मास्तर झाले. मग निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, आणि काही वर्षांनी एका जूनमध्ये वर्गावर मराठी येऊन उभी राहिली. अण्णांना मराठी येत नव्हती असं नाही. भांडायला, भाव करायला, पूजा सांगायला भरपूर येत होती. पण प्रकाशाचं परावर्तन मराठीत कसं घडवायचं, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं. रझाकारांच्या धामधुमीत आम्हा बायकांना बार्शीला मामाकडं ठेवलं होतं. तिथं माझी नववी मराठीतून झाली, पुढची पुस्तकं मामेभावाची वाचून झाली, आणि परीक्षेच्या आत लग्न झालं. ते लग्नही तीन वर्षांत आटोपलं. लोक मला टाकलेली म्हणतात. मी टाकलेली नाही, मी टाकून आले, आणि येताना सोलापुरात तासभर गाडी थांबली तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून शास्त्राची दोन पुस्तकं घेतली. माहेरी परत येणारी बाई साडीचोळीचं बोचकं आणते. मी ते आणि पुस्तकं दोन्ही आणली. वहिनींना, म्हणजे अण्णांच्या नीलाला, बोचक्याचं काही वाटलं नाही. पुस्तकांचा मात्र राग आला.

दुपारी घर निजलं की मी लिहायला बसे. पुस्तकातलं उतरवून द्यायचं असतं तर पंधरा दिवसांचं काम होतं, पण मला ते पटेना. पुस्तकात लिहिलं होतं, 'एक घंटापात्र घ्यावे.' म्हणजे घंटेच्या आकाराचं काचेचं भांडं. कुठून घ्यावे? शाळेत एक लोहचुंबक होतं आणि तेही कुणीतरी नेलं होतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पेपरमिंटची बरणी आणली. तडकलेली होती म्हणून दुकानदारानं दिली, साबूत असती तर दिली नसती. परातीत पाणी घातलं, मेणबत्ती उभी केली, पेटवली, वर बरणी उपडी ठेवली. मेणबत्ती विझली. पाणी काही वर चढेना. पुस्तक म्हणत होतं चढेल. मी पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. स्वयंपाकघरात मांडी घालून मी त्या बरणीशी भांडत बसले होते, आणि मग दिसलं, त्या बोटभर तड्यातून हवा आत येत असणार. पोळ्यांच्या कणकेचा गोळा घेतला, तड्यावर दाबून बसवला, मेणबत्ती पेटवली. विझली. आणि पाणी चढलं. माझ्या अंगावर काटा आला. मला मूल झालं नाही, पहिल्या खेपेला काय वाटतं ते मला ठाऊक नाही. पण त्या दुपारी मी एकटीच परातीपुढं हसत होते आणि डोळ्यांत पाणी होतं. वहिनी उठून आल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, कणीक फुकट का येते?" मी जे केलं ते लिहिलं. तडा लिहिला, कणीकही लिहिली. माझं त्यात तेवढंच होतं, बाकी सगळं पुस्तकाचं होतं.

बंडप्पा आणि उन्हाळाही तसेच आले. सगळ्या पुस्तकांतली मुलं पावसाळ्यावर निबंध लिहितात. मी उन्हाळा लिहिला, कारण उन्हाळ्यात सगळे निजतात आणि मला लिहायला मिळतं. दुसऱ्या वर्षी अण्णांनी शहाणपणा केला. बंडप्पाला पुण्याचा करून टाकला आणि नारळांच्या जागी सायकली घातल्या. मी आठ दिवस पुढची वही दिली नाही. अण्णा वर्गात काय वाचणार? तिसऱ्या दिवशी चिडले, पाचव्या दिवशी समजूत घालायला आले, आठव्या दिवशी कबूल झाले. मी बजावलं होतं, "माझ्या वहीतलं एक अक्षर इकडचं तिकडं करायचं नाही. मुलांनाही करू द्यायचं नाही." त्या घरात माझ्या शब्दाला तेव्हा पहिल्यांदा किंमत आली. मला ते फार आवडलं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

"मी सांगणार आहे," जेवताना अण्णा म्हणाले, "की असल्या नोट्स शाळेनं दिलेल्या नाहीत. पोरांनी बाहेरून काहीतरी मिळवलं आणि हॉलमध्ये चालवलं." मी भात वाढत होते. "म्हणजे एकोणीस चोर," मी म्हटलं. "चोर कशाला? वर्षभर थांबतील, पुन्हा बसतील." "आणि तुम्ही?" अण्णांनी भाताकडं पाहिलं. "माझी हेडमास्तरकीची ऑर्डर या महिन्यात यायची आहे. फुटक्या बरणीवर शिकवतो म्हणून कळलं तर कुठली येते? आणि तू नववी झालेली. बाईनं घरात बसून लिहिलेलं मास्तर वर्गात वाचतो, हे सांगू का साहेबांना?" वहिनी म्हणाल्या, "खामखा घराची अब्रू." मी भाताचं भांडं झाकलं. गप्प बसण्याचा मला चांगला सराव आहे. तीन वर्षं सासरी दुसरं काय केलं? पण त्या गप्प बसण्याच्या शेवटी मी तिथून उठून आले होते, हे त्या दोघांच्या लक्षात नसावं.

चारच्या सुमाराला ओट्यावर एक बाई येऊन बसली. हिरवं लुगडं, पायांवर धुळीचा थर, हातात काठी. "सर हायती का घरात?" नाहीत म्हटलं तरी ती हलली नाही. "म्या येरमाळ्यास्नं आले. बब्रुवानची आय, धुरपताबाई." बब्रुवान हे नाव मला माहीत होतं; अण्णा कधी म्हणायचे, धनगराचं पोर आहे, पण डोकं आहे. मी तिला पाणी दिलं, गूळ दिला. "बाई, पोरानं चोरी केली म्हन्त्यात. तलाठ्याच्या कामाला त्याचं नाव लागलंय. आठ दिसांत पास झाल्याला कागद दावायचा, न्हायतर दुसऱ्याला घेत्यात. त्यो चोरी करंल व्हय? सा महिनं मेंढरामागं हिंडताना त्येच बडबडायचा. माझं कान किटलं ऐकून ऐकून." मी सहज विचारलं, "काय बडबडायचा?" तिनं काठी बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि एका सुरात म्हणाली, "तडा गेल्याली काचंची बरनी घ्यावी. तड्यावर भिजिवल्याली कनिक घट बशिवावी. बरनी उपडी घालावी. मेनबत्ती इजती, पानी वर चडतं."

मी ओट्यावर तिच्यासमोर बसले होते. या बाईला अक्षर येत नाही. हिनं माझी वही पाहिलेली नाही, अण्णांचा आवाज ऐकलेला नाही. माझं वाक्य माझ्या स्वयंपाकघरातून शाळेत, शाळेतून येरमाळ्याच्या माळावर आणि मेंढरांमधून हिच्या तोंडात जाऊन परत माझ्या ओट्यावर आलं होतं, आणि वाटेत त्यातलं काहीच सांडलं नव्हतं. मला गर्व वाटला. मग धुरपताबाईंनी डोळे उघडले. "बाई, तुमी शिकल्याल्या दिसता. एक इचारू? बरनी फुटकीच कामून घ्याची आसती वो? आमच्यात कुनी द्यायला लागलं तर आमी साबूत मागून घेतो. म्या बब्रूला बी इचारलं. त्यो म्हनला, सरास्नी इचारतो. पुढं काय झालं, कळलं न्हाय."

मी तिला आणखी पाणी दिलं. द्यायला उत्तर सोपं होतं, एका वाक्याचं होतं, आणि ते माझ्या जिभेवर आलं नाही. ती गेल्यावर मी परात घासली, दिवे पुसले, आणि तोच प्रश्न माझ्यामागं घरभर फिरत राहिला. सहा वर्षं ही वही चालली. वर्षाला पंधरा-वीस मुलं, म्हणजे शंभरावर माणसं. शंभरांतल्या कुणालाच वाटलं नाही, की फुटकी बरणी शोधत हिंडण्यापेक्षा चांगली घ्यावी? की वाटलं आणि गिळलं? मी शिकवलं असं मी धरून चालले होते. मी वर्गाच्या दारातही कधी उभी राहिले नव्हते. पाठ केलेलं आणि कळलेलं यांत काय अंतर असतं ते मला कुठून दिसणार? मेंढरं राखणाऱ्या बाईला जे खटकलं ते मला सहा वर्षांत खटकलं नाही, कारण मला माझ्या कणकेचं कौतुक होतं. मला राग आला, आधी अण्णांचा, मग स्वतःचा, आणि शेवटी कुणाचा ते मलाच कळेना. पण एक पक्कं होतं. ती मुलं चोर नव्हती, आणि हे जगात फक्त मलाच सिद्ध करता येत होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा दहाला गेले. मी साडेदहाला मूळ वह्या पिशवीत घातल्या, इरकल नेसले आणि निघाले. वहिनींनी दारात हात आडवा धरला. "वन्सं, तुमच्या पाया पडते." "पडा," मी म्हटलं, "पण आधी हात काढा." शाळा घरापासून दहा मिनिटांवर, आणि माझं सगळं लिहिलेलं तिथं रोज जात होतं, मी पहिल्यांदा जात होते. व्हरांड्यात मुलं भिंतीला टेकून बसली होती, त्यांच्यात मिशा फुटलेले, लग्नं झालेले बाप्येही होते. कुणी माझ्याकडं पाहिलं नाही. मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं.

हेडमास्तरांच्या खोलीत साहेब, त्यांचा कारकून आणि अण्णा. अण्णा उठून उभे राहिले. "शामे, घरी जा." मी वह्या टेबलावर ठेवल्या आणि म्हटलं, "साहेब, या नोट्स माझ्या आहेत. मुलांनी नक्कल केलेली नाही. पाठ केलं आहे." साहेब सभ्य होते. चष्मा पुसला, वही चाळली, शिक्षण विचारलं. "नववी पास." ते हसले नाहीत, म्हणून मला त्यांच्याबद्दल बरं वाटलं. "बाई, पाठ केलं आणि चोरून लिहिलं, कागदावर दोन्ही सारखंच दिसतं." "मग कागद बंद करा," मी म्हटलं. "बाहेर बसलेत त्यांना एकेक करून बोलवा आणि कुठलंही पान विचारा. येरमाळ्याच्या मुलाच्या आईलाही हा प्रयोग पाठ आहे. तिला वाचता येत नाही. तिनं कुठून चोरून पाहिलं?"

साहेबांनी बब्रुवानलाच बोलावलं. उंच, सडपातळ, काळजीनं गाल ओढलेले. साहेबांनी वहीवर बोट ठेवून विचारलं आणि त्यानं एका दमात सगळं म्हटलं, तडा, कणीक, परात, पाणी. साहेब वहीशी ताडून पाहात होते आणि शेवटी त्यांनी वही मिटली. मला वाटलं, जिंकलं. मग ते सहज म्हणाले, "आणि तडा कशाला लागतो?" बब्रुवाननं अण्णांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "लागत न्हाय, साहेब. साबूत बरनी आसली तर कनिक बी लागत न्हाय. म्या सरास्नी इचारलं व्हतं." "मग तसं का नाही लिहिलंस?" "सर म्हनले, हाय तसं लिव्ह. एक अक्षर बदलू नगं."

साहेबांनी मान वळवली. अण्णांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. त्यांना बोलता आलं असतं. हिनंच बजावलं होतं, असं त्यांनी बोट दाखवून म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. कालपासून एकोणीस पोरांना चोर ठरवायला निघालेला हा माणूस माझ्यावर बोट उचलत नव्हता, आणि मला ते सहन होईना. मी म्हटलं, "ते वाक्य माझं आहे, साहेब. सरांचं नव्हे. एक अक्षर बदलू द्यायचं नाही, अशी अट मी घातली होती. सहा वर्षं नोट्स दुसऱ्याच्या नावानं जात होत्या. निदान अक्षरं तरी माझी राहावीत, असं मला वाटलं. हा मुलगा बरोबर होता आणि त्याला गप्प बसवलं ते मी." बब्रुवान माझ्याकडं पाहात राहिला. मी त्याला म्हटलं, "तू बरोबर होतास." हे बोलायला मला लाज वाटली नाही, न बोलता घरी गेले असते तर वाटली असती.

साहेबांनी वही माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "चारदोन मुलांना अजून विचारतो, पण मला दिसायचं ते दिसलं. निकाल सोडावेत असं मी लिहीन. प्रयोगाचे गुण मिळणार नाहीत. विष्णुपंतांचं काय ते वर ठरेल." आणि मला, "तुमचा जवाब लिहून घ्यावा लागेल. चूक झाली, एवढं लिहा." "तडा लिहिला ती चूक नाही," मी म्हटलं, "आमची बरणी तडकलेलीच होती. का लिहिला ते लिहिलं नाही, ती चूक. तसं लिहा." कारकुनानं दौतीत टाक बुडवला. "नाव?" "शामला." "भ्रतार?" "नोट्स लिहिताना ते तिथं नव्हते. गाळा." "धंदा? घरकाम लिहितो." "नोट्स लिहिणे." कारकून थांबला, म्हणाला, असा धंदा नसतो. मी म्हटलं, सहा वर्षं आहे. साहेबांनी मान हलवली आणि त्यानं लिहिलं. अण्णा खाली बघत होते.

जवाब वाचून दाखवला. सगळं होतं, वही, बरणी, अट, पाठांतर. कारकुनानं कागद माझ्यापुढं सरकवला. मी हात मागं घेतला. "एक राहिलं. एकानं प्रश्न विचारला होता, तेही घाला. नाव घालून." साहेब म्हणाले, "त्याची चौकशीला गरज नाही." "मला आहे. त्याशिवाय मी सही करणार नाही." साहेबांनी सुस्कारा टाकला, हातानं खूण केली. कारकून बब्रुवानकडं वळला. "पूर्ण नाव सांग."

बब्रुवाननं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. "माझं नगं, साहेब. पयलं म्या न्हाय इचारलं. म्या मेंढरामागं नुसतं घोकत व्हतो. माझ्या आयनं इचारलं, म्हून म्या सरास्नी इचारलं. तिचं नाव लिव्हा."

कारकुनानं टाक वर धरून साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "लिहा." मग तो वाकला आणि एकेक अक्षर तोंडानं म्हणत लिहू लागला, धुरपताबाई भ्रतार बिराप्पा, राहणार येरमाळा, यांनी विचारले की बरणी फुटकीच का घ्यावी. मी ते दोनदा वाचून पाहिलं आणि सही केली.